मोएगी घराचे धुरांडे पाहून या

महोदय,

जपानच्या सहलींवरील लेखांत कोबेच्या किटानो भागातली जुनी परदेशी घरे हमखास येतात, पण फोटो काढण्याची जागा म्हणूनच. संग्रहालय म्हणून जपलेल्या तिथल्या मोएगी घराची दुरुस्ती त्याच्या देखणेपणापेक्षा मोलाची आहे.

हे दुमजली लाकडी घर १९०३ साली अमेरिकन कॉन्सुल जनरल हंटर शार्प यांच्यासाठी बांधले गेले. ते हॅन्सेल या ब्रिटिश वास्तुकाराचे काम मानले जाते. पुढे बरीच वर्षे ते पांढरे होते. १९८७च्या दुरुस्तीत त्याला मूळचा फिका हिरवा रंग पुन्हा मिळाला. मोएगी म्हणजे कोवळ्या पालवीचा हिरवा.

जुना रंग अंदाजाने ठरवायचा नसतो. वळचणीखाली किंवा बिजागरीमागे, जिथे ऊनपाऊस पोचत नाही, तिथे बोटभर जागा धारदार पात्याने पायरीपायरीने खरवडतात. रंगाचा एकेक हात उघडा पडत जातो. अगदी तळाचा थर बहुधा अस्तराचा असतो. तोच मूळ रंग समजला की सगळे घर चुकीचे रंगते. शिवाय जवसाच्या तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो, तेही हिशेबात धरावे लागते. आधीच पॉलिशपेपर किंवा बर्नर फिरवला, तर पुरावाच संपला.

१७ जानेवारी १९९५च्या भूकंपात या घराची विटांची धुरांडी कोसळली. लाकडी सांगाडा लवतो, वीटकाम लवत नाही. दोघांची हालचाल वेगळी झाली की छपराच्या रेषेत सांधा तडकतो आणि वरचा भार उलटतो. पडलेले एक धुरांडे बागेत मुद्दाम ठेवले आहे. ते उचलून टाकले नाही, हे आम्हाला फार मोठे वाटते.

जपानी सुतार कुजलेला खांब सहसा पूर्ण बदलत नाहीत. तळाचा खराब भाग कापून त्याच जातीचे लाकूड खाचेत बसवतात आणि नव्या तुकड्यावर, न दिसणाऱ्या बाजूला, दुरुस्तीचे वर्ष डागतात. शंभर वर्षांनी खोलणाऱ्याला जुने कोणते, नवे कोणते, हे विचारावे लागत नाही.

किटानोत जैन मंदिर आहे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच प्रवासी त्या चढावर जातातच. त्यांनी मोएगीच्या बागेतही डोकवावे. आणि आपल्या पर्यटन पुरवणीने पुढच्या लेखात घराच्या फोटोशेजारी त्या धुरांड्याचाही फोटो छापावा, ही विनंती.

— वास्तुजतनाचे काम करणारे काही वाचक, पुणे