दादा, प्रेस शॉपमधल्या आम्हा सगळ्यांकडून तुमचे आभार

दादा, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "सोड रे, चहा घे" म्हणून विषयच बदलता, म्हणून कंपनीत नशाबंदी आणल्याबद्दलचे आभार इथे लिहितोय, आणि बाकी कंपन्यांतल्या कामगारांनी पण वाचावं असं मनापासून वाटतं.

मी दारूला हात लावत नाही, मग कंपनीत नशाबंदी झाली त्याचं तुला काय एवढं, असं बरेच जण विचारतात. अहो, पत्रा दाबून जॉब बनवणाऱ्या आमच्या मोठ्या प्रेसवर दोघं लागतात, एक पत्रा लावतो दुसरा जॉब काढतो, समोरचा तारेत असला तर बोटं माझी पण जातात ना! दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, हात आत गेला की प्रेस थांबवणारा लाइट कर्टन आहे, पण प्रॉडक्शनच्या घाईत सेन्सर बायपास करणारे कमी नाहीत आणि त्यात डोकं जड असलं की संपलंच.

तुम्ही त्या दिवशी शिफ्टच्या आधी सगळ्यांना उभं करून सांगितलंत की शरीर तासाला साधारण एक छोटा पेगच पचवतं, त्यामुळे रात्री अकराला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस सकाळी सातला पंचिंग करतो तेव्हा ती पूर्ण उतरलेली नसू शकते, आणि आंघोळ, लिंबू, काळा चहा कशानेच ती लवकर उतरत नाही. तोपर्यंत सगळ्यांचा समज एकच, ड्युटीवर घेतली नाही म्हणजे झालं. आणि भरपाईचं तर आम्हाला माहीतच नव्हतं. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात अट आहे की अपघात नशेमुळे झाला तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून बाकी दुखापतीला मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही, म्हणजे दोन बोटं गेली तर बोटंही गेली आणि पैसेही.

पण खरे आभार दुसऱ्या गोष्टीसाठी. मॅनेजमेंटला गेटवर दारू तपासायचं मशीन लावून सापडला की सरळ घरी पाठवायचं होतं. तुम्ही अडून बसलात, मशीनमध्ये फुंकायचं तर हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी, आणि पहिल्यांदा सापडला तर चार्जशीट नाही, उपचार, नोकरी शाबूत. हे नसतं तर पोरांनी एकमेकांना लपवलंच असतं, माझ्या पार्टनरला मीच लपवला असता. तो पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेला, १९८६ पासून चालू आहे ते, ३५ दिवस राहावं लागतं. तुम्ही त्याची रजा बसवलीत, घरी जाऊन वहिनींशी बोललात, नंतरच्या फॉलोअपला पण स्वतः गाडीवर नेलंत. आज तो माझ्यासमोर त्याच प्रेसवर उभा आहे आणि मी निर्धास्त काम करतो.

सोमवारचे खाडे कमी झाले तशी आमच्या गळ्यात पडणारी डबल शिफ्ट पण कमी झाली, हे कोणी बोलत नाही पण घरच्यांना विचारा. असेंब्लीतल्या ताई सांगतात की सेकंड शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये आता भीती वाटत नाही. पगाराच्या दिवशी गेटवर उभे राहणारे व्याजवाले पण कमी दिसतात.

दादा, एक मागणं आहे. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना अजून ही उपचाराची रजा लागू नाही, सापडला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी नवीन पोरगा आणतो. ती पोरं पण त्याच प्रेसवर उभी असतात. पुढच्या कमिटी मीटिंगला हा विषय घ्या, सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे.

तुमचाच,
प्रेस शॉपमधला एक ऑपरेटर