रविवारच्या श्रवणसत्राची आठवण

समूहगान मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्याच खोलीत श्रवणसत्र आहे. विषय : अमेरिकेत मुख्यतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या ऐतिहासिक महाविद्यालयांचा राष्ट्रीय गायकवृंद आणि त्यातलं विद्यार्थी नेतृत्व. २००८ साली १०५ महाविद्यालयांतून एकेक आवाज घेऊन हा वृंद उभा राहिला.

सत्राचा बराचसा वेळ मात्र या परंपरेच्या मुळाशी, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्सपाशी जाईल. १८७१ साली कर्जात बुडालेली संस्था वाचवायला ९ विद्यार्थी गात निघाले. सूत्रं प्राध्यापक जॉर्ज व्हाइट यांच्याकडे होती, पण पियानो आणि बरीचशी तालीम सांभाळायची एला शेपर्ड. गुलामीत जन्मलेली ही मुलगी सिनसिनाटी शहरात संगीत शिकायला रात्री, मागच्या दाराने जायची. शिक्षिकेची अटच तशी होती. फिस्कमध्ये खुर्च्या पुरत नसत. मुलं जमिनीवर बसून, दबक्या आवाजात वाडवडिलांची गाणी एकमेकांकडून शिकत. १८७३ साली ज्युबिली सिंगर्स इंग्लंडच्या राणीपुढे गायले. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ही त्याच वर्षीची, आणि ती अर्पण केली आहे गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. हा दुवा मला फार मोलाचा वाटतो.

चारही स्वरगटांच्या प्रमुखांनी जरूर यावं. नवख्याला ओळ कशी बसवून द्यायची, यावर त्यांनीच बोलायचं आहे. वही-पेन आणा, वेळ पाळा. जमणार नसेल तर शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा.

– सचिव