बाबांची मालीश आणि आईचे पाय

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई विचारते जेवलीस का, म्हणून लिहूनच पाठवतेय. अक्षर बारीक दिसलं तर दादाला मोठं करून द्यायला सांगा.

दादा म्हणाला बाबांनी तालमीतल्या वस्तादांना रोज संध्याकाळी मालीशला यायला सांगितलंय, कंबर आणि पोटऱ्या. मालीश करू नका असं मी म्हणत नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर बाबा इथेच वाचायचं सोडतील. जरूर करा, फक्त कुठली करायची यावर माझं म्हणणं आहे.

वस्तादांची मालीश पैलवानांची. जोर-बैठका मारून अंग भरून आलेली पोरं, कोपर आणि अंगठे रोवून रगडलं की त्यांना बरं वाटतं. बाबा, तुम्ही आता रक्त पातळ करायची गोळी घेता. मागे बीपी बघायचा पट्टा बांधला तर दंडावर काळंनिळं झालं होतं, आठवतंय ना? तो तर नुसता पट्टा होता, वस्तादांचं कोपर बसलं तर आत रक्त साकळेल. आणि पोटरीचं नीट ऐका, एकच पाय सुजला, हाताला गरम लागला, पोटरी दुखायला लागली तर तिथे तेल नाही, चोळणं नाही, शेक नाही, सरळ डॉक्टर. आत शिरेत गुठळी असू शकते आणि चोळून ती सुटली तर फुफ्फुसात जाऊन अडकते. वस्तादांना पण हे सांगा, त्यांच्याकडे म्हातारी माणसं येत असतीलच.

दादाने आणलेली ती मसाज गन पण तशीच, मानेला तर अजिबात लावू नका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतूनच जातात.

ऑफिसच्या कामाने बँकॉकला गेले होते तेव्हा थाई मसाज बघितला. तेल नाही, कपडे घालूनच, गादीवर झोपवून हातपाय ओढतात, वळवतात, वाट फो नावाच्या मोठ्या देवळात तो शिकवतात पण आणि 2019 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून यादीत घेतलाय. बघायला भारी, पण ठिसूळ हाडांना ते वळवणं झेपायचं नाही. केरळात तर वरच्या दोरीला धरून पायाने मालीश करतात, ती मुळात कळरी (तिकडची युद्धकला) खेळणाऱ्या आणि कथकली नाचणाऱ्या पोरांचं अंग लवचिक करायला. म्हणजे जोरकस प्रकार सगळे कमावलेल्या शरीरांसाठी निघालेत, आणि बाबा, तुम्ही मैदान सोडून किती वर्षं झाली ते तुम्हीच सांगा.

तुमच्यासाठी स्वीडिश म्हणतात ती बरी. नाव स्वीडनचं, पण तिचे हात ठरवून दिले ते हॉलंडच्या मेझगर नावाच्या डॉक्टरने असं मानतात. लांब हात फिरवायचा, मग कणीक मळल्यासारखं स्नायू हलके मळायचे, थोडं घासायचं, थापट्या मारायच्या. अमेरिकेत गुडघे झिजलेल्या 68 लोकांवर याचा अभ्यास झाला होता, 2006 मध्ये छापून आला, आठ आठवडे तासतासभर मसाज, पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, आणि दुखणं, आखडणं दोन्ही कमी झालं. झिजलेला गुडघा काही भरून येत नाही हां आई, त्याला मांडीचे व्यायामच लागतात, ते तू सोडलेस हे मला माहितीये.

आता आईचं. शेजारच्या पायाळू काकूंना बोलवून तू बाबांच्या उसणीवर पाय लावून घेतलास हे पण कळलंय. नुसता पाय लावला तर लावू दे, काकूंचं मन राहतं. पण कुणी कंबर कट्कन वाजवून देतो म्हणाला तर दारातूनच परत पाठव.

तुझ्या तळपायांना काशाची वाटी छान. आयुर्वेदातल्या वाग्भटाने पण रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मालीश करा आणि डोकं, कान, पाय इथे तेल विशेष लावा असं सांगितलंय (अजीर्ण असताना नको असं पण, ते बाबांना वाचून दाखव). झोप चांगली लागते, पायांचा शीण जातो. तूप काळं पडलं की तू म्हणतेस उष्णता निघाली, अगं ते वाटीच्या धातूचं असतं, तूप आणि घाम लागून घासलं की येतं. ते काळं दिसेपर्यंत घासत बसू नकोस. तुला शुगर आहे, पायाची जाणीव कमी झालीये, म्हणून तेल गरम करायचं नाही, कोमट वाटलं तरी आधी बाबांनी हाताला लावून बघायचं. आधी पाय उजेडात बघायचे, कुठे चीर, फोड असेल तर वाटी त्या दिवशी बंद. बोटांच्या बेचक्यात तेल राहू द्यायचं नाही, पुसून घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेलाच्या पायाने शहाबादीवर चालायचं नाही, पलंगावर बसूनच करायचं, जुने मोजे घालायचे, रात्री बाथरूमला जायच्या आधी तळवे कोरडे आहेत का बघायचं. मालीशने गुडघा थोडा बरा वाटला आणि घसरून खुबा मोडला तर काय कामाचं?

पुढच्या सोमवारी बाबांची डॉक्टरांची तारीख आहे. गोळ्यांची पट्टी सोबत न्या आणि या गोळीवर मालीश चालेल का, किती जोराने, ते बाबांनी नाही, आई तू विचार. बाबा तिथे पण "काही त्रास नाही" म्हणतील. तोपर्यंत वस्तादांना चहाला बोलवा, मालीशला नको. घाण्यावरचं तिळाचं तेल दादाबरोबर पाठवतेय, कपाटात जपून ठेवू नका, वापरा.

तुमची,
मनू