थंडीची बाग लावून झाली, काळजी नसावी

अटलांटा,
ऑक्टोबर अखेर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. छोटीचा खोकला पूर्ण गेलाय. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती शिंकत होती ती धुळीमुळे, मी माती चाळत होते आणि ती शेजारीच बसली होती. आई, त्यावरून तुला रात्री झोप लागली नाही असं धाकट्याने सांगितलं. असं नको करूस गं. घरात हीटर आहे, नळाला चोवीस तास गरम पाणी आहे. निफाडचा पारा उतरतो तेव्हा तुम्ही जेवढं अंगावर घेता, तेवढ्यात आमचा नोव्हेंबर निघतो. शून्याच्या खाली जातं ते मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत, आणि तेही बहुतेक वेळा रात्रीपुरतं.

फोनवर बागेचं धड बोलणं होत नाही, म्हणून सगळं लिहून कळवते. नोकरी आणि पोर सांभाळून हे नसतं काम कशाला, असं तुम्हा दोघांचं म्हणणं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे घेतात. (तेव्हापासून तुमच्या-आमच्यात साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा फरक पडेल, फोन करताना तेवढं लक्षात ठेवा.) मग संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून येतं. झाडं उघडी पडतात, हिरवळ तपकिरी होते आणि मार्चपर्यंत तशीच राहते. आपल्याकडे थंडी म्हणजे फुलांचाच हंगाम, झेंडू संपतो न संपतो तोच शेवंती, मग गुलाब. इथे थंडीत टिकणारं फूल निवडून, वेळेत लावावं लागतं. कामावरून आल्यावर दारात काहीतरी फुललेलं दिसलं की मला बरं वाटतं. खर्च म्हणाल तर पॅन्झी नावाचं फुलझाड एकदा लावलं की मे महिन्याच्या उन्हापर्यंत फुलत राहतं. दर आठवड्याला फुलांचा गुच्छ विकत आणणाऱ्या बायका आहेत इथे, त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

बाबा, तुम्ही विचारलंत की एवढी घाई कसली. माती साधारण ७ अंशांच्या खाली गेली की पॅन्झीची मुळं वाढायची थांबतात. दव गोठण्याइतकी पहिली थंडी नोव्हेंबरच्या मध्याला पडते, म्हणून त्याआधी मुळं धरायला हवीत. जॉर्जियाची माती तांबडी आणि चिकट, पाणी धरून ठेवते, आणि थंडीत ओल्या मातीत मुळं कुजतात. म्हणून वाफे वीतभर उंच केले, भरपूर कंपोस्ट मिसळलं आणि वर पाइनच्या वाळलेल्या काड्यांचं आच्छादन दिलं, तुम्ही उसाचं पाचट पसरता तसं.

मोठ्या फुलाची पॅन्झी थोडीच घेतली, बाकी सगळी व्हायोला. तिचं फूल नखाएवढं असतं, पण रोपावर मावत नाहीत इतकी येतात आणि पावसाने झोडपलं तरी लगेच सावरतात. रंग मुद्दाम पिवळा, पांढरा आणि फिकट केशरी घेतला. नर्सरीत जांभळा फार उठून दिसतो, पण संध्याकाळी तो अंधारात बुडून जातो आणि पायवाटेवरून काहीच दिसत नाही. कडाक्याच्या सकाळी ही रोपं पाहिली की पोटात गोळा येतो. पानं काळपट होऊन लोळागोळा, फुलांच्या माना मातीला टेकलेल्या. तेव्हा हात लावायचा नाही, गोठलेलं पान मोडतं. ऊन वर आलं की एकेक मान उचलली जाते आणि दुपारी सगळं पूर्ववत. थंडीची लाट यायच्या आदल्या दिवशी पाणी द्यायचं, ओली माती ऊब धरून राहते. हे तर तुमच्याकडूनच शिकले. द्राक्षाच्या बागेत पहाटे पाणी सोडायचात आणि बांधावर शेकोट्या पेटवायचात, ते आठवतं.

आता कोबीचं. आई, तू कॉलवर वाफ्यात कोबी पाहिलास आणि भाजी परवडत नाही का म्हणून विचारलंस. तसं काही नाही. इथे ही पद्धतच आहे. बँकेसमोर, दवाखान्यासमोर, शाळेच्या फाटकाशी, थंडी आली की फुलांच्या वाफ्यात कोबी लावतात आणि तो कुणीही खात नाही. मलाही आधी पटलं नव्हतं. कोबी आणि केल या पालेभाजीचीच ही जात, जपानमध्ये शोभेसाठी वाढवलेली. याचा गड्डा घट्ट वळत नाही, पानं गुलाबाच्या पाकळ्यांसारखी उघडी पसरतात. आत्ता आणलेलं रोप हिरवटच असतं. रात्री सलग १० अंशांच्या खाली जायला लागल्या की मधली पानं रंगायला लागतात, कुठे जांभळी, कुठे गुलाबी, कुठे दुधासारखी पांढरी, आणि थंडी वाढेल तसा रंग आणखी गडद होतो. बाकीची बाग थंडीने कोमेजते तेव्हा हा खुलतो, म्हणून लोक लावतात. विषारी नसतो, पण पान जून आणि कडवट, भाजीला उपयोग नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊब आली की दांडा फुटून वर पिवळी फुलं येतात, मग उपटून टाकतात. आपल्या जिल्ह्यात कोबीला भाव नाही म्हणून उभ्या शेतात जनावरं सोडलेली आपण पाहिलीत, त्यामुळे कोबी न खाता उपटायचा हे तुम्हाला रुचणार नाही, हे मला माहीत आहे. मी तो कंपोस्टमध्ये घालते.

दाराजवळची कॅमेलिया आत्ताच फुलायला लागली आहे, ही सासंक्वा जातीची. जपोनिका जातीची दुसरी आहे ती जानेवारीनंतर फुलेल. आई, आपला चहाही याच कुळातला, पानं हातात घेतलीस तर लगेच ओळखशील. मागे झाडाखाली सावलीत हेलेबोर नावाचं फुलझाड लावलंय. ते विषारी असतं, म्हणून कुंपणापलीकडे, छोटीचा हात पोचणार नाही असं. हरणंही त्याला तोंड लावत नाहीत. हो, हरणं इथे वस्तीत फिरतात आणि पॅन्झी खातात, पण माणसाला काही करत नाहीत. मखमलाबादच्या मळ्यांत बिबट्या फिरतो त्याची काळजी आधी करा. बाबा, रात्री मोटर चालू करायला एकटे जाऊ नका, धाकट्याला घेऊन जा.

फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ट्यूलिपचे कंद ठेवलेत. अटलांटाची थंडी त्यांना पुरत नाही, दहा-बारा आठवडे गारठ्यात काढल्याशिवाय दांडा नीट वर येत नाही. त्या कप्प्यात सफरचंद ठेवायचं नाही, त्याच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. केळी ज्या वायूने पिकवतात तोच हा. जानेवारीच्या सुरुवातीला पॅन्झीच्या मधल्या जागेत पुरेन, मार्च अखेरीस फुलं येतील. ही सगळी निवड मी फेब्रुवारी डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. धाकट्याच्या लग्नाला येईन तेव्हा बागेकडे बघायला कुणी नसेल, आणि थंडीत या झाडांना पाणीही फारसं लागत नाही.

म्हणजे तिकीट काढलंय, निश्चिंत रहा. पण साखरपुड्याला मला येता येणार नाही. दोन महिन्यांत दोनदा रजा मिळत नाही. तुळशीच्या लग्नानंतरचीच तारीख धरा, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. ओटी आत्या भरेल, मी व्हिडिओवर असेन. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळीही मी नव्हते, हे विसरलेले नाही. लग्नाला महिनाभर राहणार आहे, द्राक्षाचा खुडा त्याच सुमाराला येईल, मलाही बागेत घ्या.

पैसे काल पाठवले, बाबांच्या खात्यावर येतील. ते लॉन्सच्या बुकिंगसाठी. लेकीच्या पैशावर लग्न करायचं नाही, असं तुम्ही धाकट्याला म्हणालात. मला शिकायला पाठवताना बागेवर कर्ज काढलंत, तेव्हा ही मुलगी आहे असा हिशेब केला नव्हतात. द्राक्षाचे जे येतील ते सोसायटीत भरा, त्यातला रुपया लग्नाला काढू नका. छाटणीनंतरच्या पावसाने वेलींवर डावणी रोग आला का, तेही खरं खरं कळवा. सुनेच्या पाटल्यांचं मी आणि तुमचे जावई मिळून बघतो, सोनाराकडे आत्ता काही सांगू नका.

आई, छोटीच्या परकर-पोलक्याचं माप सोबतच्या कागदावर आहे, शिवताना दोन बोटं जास्त धर, फेब्रुवारीपर्यंत वाढेल. गुडघ्याचा पट्टा घेतलाय, येताना आणते. तोवर जिने चढू नकोस, गच्चीवरच्या कुंड्यांना धाकटा पाणी घालेल.

आजीला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
ताई