ओपनिंगची फाइल मागून घेतल्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

नाव छापलेलं तुम्हाला रुचणार नाही, म्हणून हे जाहीर आभार पत्र बिननावाचंच लिहितोय. वाचलंत की कळेलच.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझं रडगाणं कोडबद्दल होतं. राजाच्या सुरक्षिततेचं गणित मोठ्या हौसेने लिहून माझ्या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इंजिनात, घातलं होतं, पण ताकद ना वाढत होती ना घटत होती. जुनी आवृत्ती विरुद्ध नवी, ४०० डाव, आणि निकाल शून्याच्या आसपास. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. तुम्ही मात्र कोडची एक ओळही पाहायला मागितली नाहीत. म्हणालात, "डाव कुठून सुरू करतोस? ती फाइल दाखव आधी."

खरं सांगतो, राग आला होता. ती फाइल, म्हणजे चाचणीचे डाव ज्या ओपनिंगच्या (सुरुवातीच्या चालींच्या) स्थितींपासून सुरू व्हायचे त्यांची यादी, मी कुठूनतरी उतरवून घेतली होती आणि पुन्हा कधी उघडलीही नव्हती. इंजिन एकाच थ्रेडवर, ठरावीक नोड (तपासायच्या स्थितींची मर्यादा) देऊन खेळवलं तर त्याच स्थितीतून तोच डाव पुन्हा खेळतं. तसं होऊ नये म्हणून वेगवेगळ्या सुरुवाती द्यायच्या, इथेच माझं ज्ञान संपत होतं.

तुम्ही फाइल वरून खाली वाचलीत आणि हसलात. काही हजार स्थिती, ओळीला एक, आणि त्या ईसीओच्या, म्हणजे ओपनिंगच्या ठरलेल्या वर्गीकरणाच्या, क्रमाने लावलेल्या, ए०० पासून ई९९ पर्यंत. सामने चालवणारा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून एकेक उचलत होता. ४०० डाव म्हणजे दोन्ही रंगांनी मिळून २०० स्थिती, आणि त्या २०० ए विभागातच संपत होत्या. बर्ड, रेटी, इंग्लिश अशा ओपनिंग. सिसिलियन बी मध्ये, फ्रेंच आणि रुय लोपेझ सी मध्ये, किंग्ज इंडियन पार ई च्या शेपटाला. माझ्या इंजिनाने चाचणीत त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. एक राजा या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि दोघंही एकमेकांवर प्यादी रेटताहेत, असे डावच होत नव्हते. मग राजाच्या सुरक्षिततेचा हिशेब दिसायचा कुठे? मी महिनोन्महिने चांगला कोड पुसत होतो.

तेवढ्यावर थांबला असतात तरी पुरे होतं. पण तुम्ही विचारलंत, "दुबार स्थिती काढल्यास का?" काढल्या होत्या, छातीठोकपणे सांगितलं. मग तुम्ही दोन ओळी शेजारी ठेवल्यात. पहिलीतली स्थिती अशी आलेली: पांढऱ्याने डी४, सी४ आणि वजिराच्या बाजूचा घोडा सी३ वर, काळ्याने आधी घोडा एफ६, मग ई६, शेवटी डी५. दुसरीत पांढऱ्याची सुरुवात सी४ पासून आणि काळ्याची शेवटची चाल घोडा एफ६. पटावर तंतोतंत तीच स्थिती, चालही पांढऱ्याचीच. फरक होता तो ओळीतल्या चौथ्या रकान्यात. पहिलीत काळ्याचं प्यादं नुकतंच दोन घरं आल्यामुळे आँ पासाँचं (दोन घरं आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारायच्या नियमाचं) घर म्हणून डी६ लिहिलेलं, दुसरीत नुसती आडवी रेघ. डी६ वर मारायला पांढऱ्याचं एकही प्यादं पाचव्या रांगेत नव्हतं, तरी अक्षरं वेगळी म्हणून माझ्या स्क्रिप्टने दोन्ही ओळी खुशाल ठेवल्या. मारणं खरोखर शक्य असेल तरच तो रकाना भरायचा, ही दुरुस्ती पाच ओळींची निघाली. फाइल मात्र चांगलीच रोडावली.

मग मी उत्साहाच्या भरात असमतोल स्थितींवर उडी मारणार होतो, तेव्हाही तुम्हीच अडवलंत. ग्रँडमास्टर जॉन नन यांनी इंजिनांच्या सामन्यांसाठी १० स्थिती निवडल्या त्या दोन्ही बाजूंना बरोबरीच्या संधी देणाऱ्या होत्या. पुढे इंजिनं इतकी मजबूत झाली की समतोल सुरुवातीतून बरोबरीशिवाय काही निघेना, म्हणून टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेसाठी येरून नोमेन मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग निवडू लागले आणि श्टेफान पोल यांच्या यूएचओ नावाच्या तशाच झुकलेल्या स्थिती स्टॉकफिश या बलाढ्य इंजिनाच्या चाचण्यांत आल्या. एकच स्थिती रंग बदलून दोनदा खेळवायची. दोन्ही डाव बरोबरीत सुटले तर काही कळत नाही. दोन्ही पांढऱ्याने जिंकले तरी हिशेब १-१, पुन्हा काही कळत नाही. पांढरा जिंकेल की काळा कसाबसा वाचवेल हे सांगता येणार नाही, अशा कडेवरची स्थिती हवी.

"पण ती कड कुणाची?" हा तुमचा प्रश्न अजून डोक्यात आहे. स्टॉकफिशला जे कडेवर वाटतं ते माझं इंजिन सुखाने गमावून बसतं, इतकंच काय, बरोबरीच्या स्थितीतूनही हरतं. त्याचे डाव मुळातच एवढे बरोबरीत सुटत नाहीत. "तुझ्या इंजिनाला आठ चालींचं साधं पुस्तक, म्हणजे ओपनिंगचा संच, भरपूर झालं," म्हणालात. लागलं जरा, पण बरोबर होतं.

जाता जाता ४०० डावांचा हिशेबही करून दाखवलात. ६० टक्के डाव बरोबरीत धरले तरी अंदाजातली चूक दोन्हीकडे सुमारे २१ एलोची (एलो म्हणजे ताकद मोजायचे गुण). मी ५ एलो शोधत होतो! आता डावांची संख्या आधी ठरवत नाही, एसपीआरटी ही निकाल पुरेसा स्पष्ट होताच थांबवणारी सांख्यिकी चाचणी थांब म्हणेल तेव्हा थांबतो. फाइल ढवळून घेतली, दुबार काढल्या, आणि तोच तीनदा पुसलेला कोड चौथ्यांदा घातला. रात्रभर चालवला. सकाळी पाहिलं तर चाचणी पास झालेली. तुम्हाला तेव्हा नुसता "झालं" एवढा निरोप पाठवला होता, कारण दुसरं काही सुचलंच नाही. त्याची भरपाई म्हणून हे पत्र. एका परक्या माणसाच्या काही हजार ओळी तुम्ही बसून वाचल्यात, आणि तेही त्याने मागितलेलं नसताना. मनापासून आभार.

एक कबुली मात्र देतो. किंग्ज गॅम्बिट या ओपनिंगच्या स्थिती काढून टाक म्हणाला होतात, तिथे काळाच वरचढ निघतो म्हणून. त्या मी ठेवल्यात. जोडीनेच खेळवायच्या तर वरचढ बाजू पांढरी की काळी, काय फरक पडतो? भांडायचं असेल तर या, फाइल उघडीच आहे.

तुमचा,
तीनदा पुसणारा