स्क्रीन हवी तितकी वाकवा, पण एसीचं बटण काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या आतल्या वाकणाऱ्या स्क्रीनवर जो लेख आलाय तो वाचला. फोटो मस्त आहेत, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सलग उजळलेला पट्टा आणि एकही बटण नाही, आणि लेखात कौतुक नेमकं त्याचंच आहे की बटणं गेली. मला त्याच वाक्यावर बोलायचंय. मी चंद्रपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, एमएस्सीला माझा विषय पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ, हा होता, त्यामुळे ही स्क्रीन ज्या पदार्थांपासून बनते त्यांच्याबद्दल मला मनापासून आपुलकी आहे, आणि गाडी मी रोज स्वतः चालवते.

आधी कौतुक, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. प्लास्टिकमधून वीज जात नाही हे आपण शाळेत शिकलो, म्हणून तर वायरवर त्याचं कव्हर असतं. पण काही पॉलिमरच्या साखळीत एक सिंगल बॉन्ड एक डबल बॉन्ड असं आलटूनपालटून येतं, आणि त्यावर योग्य प्रक्रिया केली की साखळीवरून इलेक्ट्रॉन सरकायला लागतात. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल याच कामासाठी मिळालं. १९८९ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबमध्ये पीपीव्ही नावाच्या अशाच एका पॉलिमरच्या पातळ थराला वीज दिली तर त्यातून हिरवट-पिवळा उजेड आला, १९९० ला त्याचा पेपर नेचरमध्ये आला, आणि १९९२ मध्ये हीगर यांच्या ग्रुपने काचेऐवजी प्लास्टिकच्या फिल्मवर तशीच एलईडी बनवून ती वाकवूनही दाखवली. वर्गात हे सांगताना माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. पॉलिमर विरघळवता येतं म्हणजे शाईसारखं छापता येतं, मागून बॅकलाइट लागत नाही कारण प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे काळं ते खरंच काळं दिसतं आणि रात्री गाडी चालवताना त्या काळ्या भागाचा उजेड डोळ्यावर येत नाही. आज गाड्यांत जे ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थांपासून बनलेले स्वतः उजळणारे डिस्प्ले, बसतात त्यात उजेड देणारा थर बहुतेक छोट्या रेणूंचा असतो, लांब साखळीच्या पॉलिमरचा नाही, पण वाकणाऱ्या स्क्रीनमध्ये तो थर ज्या पातळ पाटीवर बसतो ती साधारणपणे पॉलिइमाइडची, म्हणजे पॉलिमरचीच असते, त्यामुळे घराणं एकच म्हणायला हरकत नाही.

आणि हे काही लांबचं राहिलेलं नाही. अमेरिकेत २०२१ च्या कॅडिलॅक एस्कलेडमध्ये एलजीचा ३८ इंची वाकवलेला ओएलईडी आला. मर्सिडीजच्या ईक्यूएसमध्ये १४१ सेंटीमीटरच्या एका वळणदार काचेखाली तीन स्क्रीन आहेत, त्यातल्या मधली आणि शेजारच्या सीटपुढची अशा दोन ओएलईडी, आणि ही गाडी २०२२ मध्ये आपल्या चाकणला असेंबल व्हायला लागली. ती माझ्या-तुमच्या बजेटमधली नाही हे मान्य, पण महागड्या गाडीत जे आधी येतं ते काही वर्षांनी छोट्या गाडीत येतंच, पॉवर विंडो आल्या, एअरबॅग आल्या, साध्या एलसीडी टचस्क्रीन तर कधीच आल्या, आणि त्यांच्याबरोबर बटणं जायला सुरुवातही झालीये.

आता आमच्या चंद्रपूरचं सांगते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की इथे पारा ४६-४७ च्या घरात जातो आणि ते झालं सावलीतलं तापमान, उन्हात दुपारभर बंद उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचा वरचा भाग सहज ७० अंशांच्या पुढे जातो, स्टिअरिंगला हात लावायला दुपट्ट्याचं टोक गुंडाळावं लागतं. उजेड देणारे हे सगळे सेंद्रिय पदार्थ उष्णता, ऑक्सिजन आणि ओलावा या तिघांपुढे नाजूक असतात, ओलावा आत शिरला की काळे ठिपके पडतात म्हणून तर त्यांना कडेकोट सील करतात, आणि रंगांमध्ये निळा सगळ्यात आधी थकतो. दर दहा अंशांना रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो हा ठोकताळा आम्ही बारावीला शिकवतो, तो नागपूर-चंद्रपूरच्या पार्किंगमध्ये काही रजेवर जात नाही. कंपन्या यावर काम करतायत हे मला माहीत आहे, दोन थर एकावर एक ठेवून प्रत्येकावरचा ताण कमी करतात, गाडीसाठीचे डिस्प्ले ८५ अंशांपर्यंत तपासतात, ते सगळं ठीक. पण प्रश्न फक्त स्क्रीन टिकते का एवढाच नाही. जास्त तापलेली स्क्रीन स्वतःला वाचवायला ब्राइटनेस कमी करते, वरून दुपारचं ऊन तिच्यावर पडलेलं, म्हणजे ज्या क्षणी माणूस गाडीत बसून पहिली गोष्ट एसी फुल करायला जातो त्याच क्षणी एसीचं चिन्ह नीट दिसत नाही. एसीचा नॉब मात्र ४७ अंशांतही फिरतो, डोळे मिटूनही फिरतो. तो बिघडला तर गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतो, वळणदार स्क्रीन बिघडली तर मात्र तिचा अख्खा भाग बदलायचा आणि त्यासाठी गाडी आधी नागपूरला न्यायची.

आणि डोळ्यांचं तर त्याहून गंभीर आहे. स्वीडनच्या व्ही बिलेगारे या मासिकाने २०२२ मध्ये एक टेस्ट केली होती, ११० च्या स्पीडने गाडी चालवत रेडिओ, एसी वगैरे ठरवलेली चार कामं करायची आणि किती वेळ लागतो ते मोजायचं, ड्रायव्हरला आधी गाडीची सवय करून घ्यायला वेळही दिला होता. २००५ सालच्या जुन्या बटणवाल्या व्होल्वोत १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीत ४४.९ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरच्या वर! आणि हे मोकळ्या रनवेवर, जिथे समोरून ट्रॅक्टर येत नाही, कोळशाचे ट्रक नाहीत, रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय नाही. अमेरिकन नौदलाचं उदाहरण तर याहून दुःखद आहे, २०१७ मध्ये सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन या युद्धनौकेची टक्कर होऊन दहा नौसैनिक गेले, चौकशीत टचस्क्रीनवरच्या कंट्रोलचा गोंधळ हे एक कारण निघालं, आणि नंतर नौदलाने वेग कमीजास्त करायला हाताने ढकलायचे साधे दांडे, म्हणजे थ्रॉटल, परत आणायचं ठरवलं.

शेजारच्या सीटपुढच्या स्क्रीनबद्दल लेखात "प्रवाशाला सिनेमा बघता येईल" असं आनंदाने लिहिलंय. मार्च २०२५ मध्ये मुंबई-पुणे मार्गावर ई-शिवनेरीचा ड्रायव्हर बस चालवताना मोबाइलवर क्रिकेट मॅच बघताना सापडला, प्रवाशांनीच व्हिडिओ काढला आणि त्याला कामावरून काढलं, हे आपल्याच राज्यात झालंय. ईक्यूएसमध्ये कॅमेरा ड्रायव्हरच्या नजरेवर लक्ष ठेवतो आणि त्याने शेजारच्या स्क्रीनकडे पाहिलं तर चित्र मंद करतो, चांगली सोय आहे. पण हीच स्क्रीन स्वस्त गाडीत येईल तेव्हा खर्च वाचवायला पहिला तो कॅमेराच जाईल अशी मला भीती वाटते.

मग ही वाकणारी स्क्रीन नकोच का? असं मी अजिबात म्हणत नाहीये. तिचा खरा गुण वाकणं हा आहे ना, मग जिथे वाकण्याची गरज आहे तिथे लावा की. समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे जे खांब असतात, ए-पिलर म्हणतात त्यांना, ते हल्ली एअरबॅग आणि मजबुतीसाठी इतके जाड झालेत की चौकात वळताना अख्खी मोटरसायकल त्यामागे लपते, सायकलवरची शाळेची मुलं लपतात. जर्मनीच्या कॉन्टिनेन्टलने याच खांबावर वाकवलेला ओएलईडी गुंडाळून दाखवलाय, बाहेरचा कॅमेरा पलीकडचं चित्र टिपतो, आतला ड्रायव्हरचं डोकं कुठे आहे ते बघतो आणि खांबावर त्यामागचा रस्ता दिसतो. आमच्या वरोरा नाक्यावर रोज वळणाऱ्या कुणालाही विचारा, याची किंमत त्याला सांगावी लागणार नाही. ज्या पदार्थाने आंधळा कोपरा दिसता करता येतो त्याच्यावर एसीचं बटण रंगवून आपण समाधान मानायचं, हे मला पटत नाही.

गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या युरोपच्या युरो एनकॅपने जानेवारी २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि एसओएस (आणीबाणीत मदत मागायचं बटण) यांचे हाताला लागणारे वेगळे कंट्रोल नसतील तर मार्क कमी करायचं ठरवलंय, फोक्सवॅगनसारख्या कंपनीनेही बटणं परत आणतो म्हणून २०२५ मध्ये जाहीर सांगितलं. आपल्याकडे भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण त्यात स्टार मिळतात ते मुख्यतः धडकेत मोठी माणसं आणि लहान मुलं किती वाचतात यावर. माझी विनंती आहे की परिवहन मंत्रालयाने आणि गाड्यांची तपासणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेने बटणांचाही विचार करावा, आणि युरोपची यादी जशीच्या तशी उचलू नये, आपल्या यादीत एसी आणि काचेवरची वाफ घालवायचा डिफॉगरही हवा, कारण आपल्याकडे मे आणि जुलै दोन्ही असतात. स्क्रीनची वॉरंटी किती वर्षांची आणि ती बदलायला किती रुपये लागतील हेही शोरूममध्ये गाडीच्या किमतीशेजारीच लिहिलेलं असावं.

आणि एक विनंती आपल्यालाही. पुरवणीत गाडीचा रिव्ह्यू छापता तेव्हा स्क्रीन किती इंचांची हे नेहमी असतं, त्याच्याच खाली एसी, वायपर, हॅझर्ड यांना वेगळी बटणं आहेत की नाहीत ही एक ओळ टाकत चला, आणि जमलं तर एखादी गाडी मे महिन्यात दुपारी दोन वाजता तीन तास उन्हात उभी केल्यावर स्क्रीन कशी चालली तेही छापा. गाडी उभी करायला आमच्या कॉलेजचं मैदान आहे, प्राचार्यांची परवानगी मी काढून देते.

आपली,
केमिस्ट्रीची एक शिक्षिका, चंद्रपूर