सुट्टीत येत नाही, त्याचं कारण

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती आणि मग आठवडाभर माझ्याशी बोलायला बाबांनाच पुढे केलं असतं. म्हणून लिहिते आहे. या सुट्टीत मी येत नाही. विभागात होकार कळवून झालाय, तेव्हा "बघ जमलं तर" असं म्हणू नका.

पुढच्या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या एका तुकडीचे तीन विषय आम्ही जोडून शिकवणार आहोत. माझं संख्याशास्त्र, समाजशास्त्र आणि लेखन. तीच २५ मुलं तिन्ही तासांना एकत्र. नुसतं वेळापत्रक जुळवायचं असतं तर मी केव्हाच तिकीट काढलं असतं. पण झोप, नोकरी आणि अभ्यास यांना किती तास जातात याची माहिती मुलं समाजशास्त्रासाठी गोळा करणार, तिची सरासरी आणि प्रमाण विचलन (म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते) माझ्या तासाला काढणार आणि त्याच आकड्यांवर लेखनाच्या तासाला अहवाल लिहिणार. त्यांच्या प्रश्नावल्या भरून येण्याआधीच मी सरासरी शिकवून मोकळी झाले, तर सगळं मुसळ केरात. परवा आम्ही तिघांनी आपापली वेळापत्रकं टेबलावर शेजारी शेजारी मांडली, तर तिघांच्याही मोठ्या चाचण्या एकाच आठवड्यात! मुलं मुकाट सोसत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. हे निस्तरायला सुट्टीच लागते. सत्र सुरू झालं की तिघं एका जागी सापडत नाहीत.

बाबा, तुम्ही विचारालच, हे खूळ कुणाचं? खूळ जुनं आहे. अलेक्झांडर माइकलजॉन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९२७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात एक प्रायोगिक कॉलेज काढलं. तिथे सुटे सुटे विषय नव्हतेच. पहिलं वर्षभर प्राचीन अथेन्स, दुसरं वर्षभर आधुनिक अमेरिका. १९३२ मध्ये ते बंद पडलं. (इथे तुम्ही आईकडे बघून हसला असाल.) कल्पना मात्र टिकली. ब्रुकलिनच्या किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजात २००३ पासून १,५३४ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून वाटावेत तसे दोन गटांत घेतले आणि फरक मोजला. जोडविषयांच्या गटातली मुलं पहिल्या सत्रात जास्त विषय पास झाली, कॉलेज आपलं वाटतं असंही त्यांनी जास्त सांगितलं. पुढे इतर कॉलेजांत फरक थोडाच दिसला. जादू नाहीच ही, मला माहीत आहे.

तरी मी का अडून बसले, ते तुम्हाला सांगायला नको. दादा जायचा बंद झाला, हे कॉलेजात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, कधी म्हटलंही नाही. रोज वेळेवर घरातून निघणारा मुलगा वर्गात पोचतो की नाही, हे तुम्हाला कसं कळावं? आमच्या तुकडीतला कुणी सकाळी माझ्या तासाला दिसला नाही, तर दुपारी लेखनाच्या बाई विचारतील. त्याआधी शेजारच्या बाकावरची पोरं विचारतील. मला एवढंच हवंय.

माझी काळजी नको. खोली कॉलेजजवळच आहे, उजेड भरपूर आहे, जेवण वेळेवर होतं. जागरण होतं अधूनमधून, खोटं कशाला बोलू? वाचता वाचता डोळा लागला की अजूनही वाटतं, बाबा येतील, चष्मा काढून ठेवतील आणि दिवा घालवतील.

आता तुमचं. बाबा, "आज बरं वाटतंय" म्हणून रक्तदाबाची गोळी टाळायची नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघत केलेस तरी चालतील, पण रोज. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचाय. माणूस मी सांगून ठेवलाय, त्याला "नंतर या" म्हणून परत पाठवू नका. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. दोघांनीही! रागावून लिहीत नाहीये, पण ऐका.

सत्राच्या मधल्या सुट्टीत येईन. तारीख तिकीट हातात आल्यावरच सांगेन, नाहीतर आई आतापासून दिवस मोजत बसेल.

हे पत्र दादाला दाखवायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. मला विचाराल तर दाखवा.

तुमची,
छोटी